कुंभार्ली घाटातील तांबडा दिवा

देशावरून कोकणात उतरावयाचे म्हटले की वाटेत एखादा घाट आडवा येतोच, आणि ज्या त्या घराचा घाट बहुधा ठरलेला असतो. महाडकडील मंडळींस वरंधा जवळचा, रत्नागिरीकरांस आंबा, सावंतवाडीकरांस आंबोली. आमच्या वाट्यास कुंभार्ली आला, कारण आमच्या मातोश्रींचे माहेर गुहागरास आहे. उंब्रज येथे मोठा रस्ता सोडावयाचा, पाटणवरून कोयनेच्या काठाकाठाने पश्चिमेकडे जावयाचे, हेळवाकच्या पुढे घाट उतरून चिपळूण गाठावयाचे, आणि तेथून समुद्राचा वारा लागेपर्यंत पुढे जावयाचे. ह्या रस्त्याने आम्ही एस. टी. ने गेलो, जीपने गेलो, एकदा तर मालट्रकच्या चालकाशेजारी बसूनही गेलो. परंतु गेल्या श्रावणातील प्रवासाइतका कोणताच प्रवास आमच्या स्मरणात घर करून राहिलेला नाही.

निमित्त मंगल होते. आमच्या मामांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा गुहागरास व्हावयाचा होता. मातोश्री त्यांच्याहून तीन वर्षांनी वडील, वय चौऱ्याऐंशी. धाकट्या भावाला आपल्या हाताने ओवाळावयाचे ह्या एका गोष्टीसाठी त्यांनी दोन महिने आपली प्रकृती जपली होती. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली ती 'गाडीत पाय पसरून नेत असाल तर' ह्या अटीवर. सोहळा दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा आम्ही, आमचे कुटुंब, मातोश्री आणि गाडी चालविण्यास आमचे चिरंजीव असे चौघे जण दुपारचे जेवण उरकून पुण्याहून निघालो.

गाडीविषयी येथे दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. ती आम्ही दीड वर्षापूर्वी जुनी म्हणून विकत घेतली होती. विकणाऱ्या गृहस्थांनी 'एकहाती आणि घरच्यासारखी सांभाळलेली' अशी तिची ओळख करून दिली होती, आणि तिचे रंगरूप पाहता आम्हांसही ते पटले होते. पहिले वर्ष सुखाचे गेले. त्यानंतर तिला एक दुखणे जडले. सकाळी किल्ली फिरविली की इंजिन जड आवाज काढून, जणू कण्हतच, सुरू होई. आणि कधी कधी रात्री, विशेषतः पाऊस असला म्हणजे, समोरच्या फळीवर बॅटरीच्या आकृतीचा तांबडा दिवा लुकलुकून जाई. आम्ही ती पुण्यातील एका कारखान्यात नेली. तेथील तरुणाने फळीखालच्या सोळा पिनांच्या खोबणीत आपले यंत्र खोचले आणि 'पी ०५६२' हा क्रमांक वाचून दाखविला. अशा प्रकारची खोबण अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीस सक्तीची झाली आणि पुढे आपल्याकडेही रूढ झाली. तिच्यातून गाडी आपल्या तक्रारी ठराविक क्रमांकांत सांगते. ह्या क्रमांकाचा अर्थ एवढाच की गाडीतील विजेचा दाब कमी पडला आहे. का कमी पडला, हे तो क्रमांक सांगत नाही. कारखान्याने मात्र त्याचा अर्थ 'बॅटरी गेली' असा लावून नवी बॅटरी बसविली. पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा लागला, तेव्हा 'अल्टरनेटर गेला' असे ठरले आणि तोही नवा आला. दोन्ही मिळून पंचवीस हजार रुपये खर्ची पडले. भर दुपारी, दिवे व पंखा बंद असताना, कारखान्याच्या आवारात गाडी तपासली की सर्व काही यथास्थित दिसे. वैद्यासमोर ताप उतरावा आणि घरी येताच चढावा, तसा तो प्रकार होता.

असो. पाटणपासून पुढचा प्रदेश श्रावणात किती रमणीय दिसतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको. दोन्ही बाजूंस डोंगर, मधून गढूळ पाण्याने भरलेली कोयना, आणि खाचरांतील भाताचा तो पोपटी रंग, ज्याला चित्रकाराच्या पेटीत जोड सापडत नाही. मातोश्री खिडकीची काच खाली करून पाहत होत्या. कोयनानगरला आलो की त्यांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप हटकून आठवतो. त्या वेळी त्या पुण्यात होत्या, आणि फडताळातील भांडी आपोआप वाजू लागली हे त्यांनी आम्हांस किमान शंभर वेळा सांगितले असेल. ह्या वेळीही सांगितले, आणि आम्ही ते प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकले.

कोयनानगरला चहासाठी थांबलो. परत निघताना इंजिन सुरू होण्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. चिरंजिवांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही आभाळाकडे पाहिले. साडेपाच वाजले होते, पाऊस धरून आला होता, आणि घाटमाथ्यावर धुके उतरत होते. आता परत फिरणे शक्य नव्हते असे नाही. परंतु मागच्या बाकावर चौऱ्याऐंशी वर्षांची बहीण निरांजनाचे तबक रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसली होती.

घाटाची उतरण लागली तेव्हा चिरंजिवांनी मोठे दिवे लावले, वायपर वेगात सोडले, आणि काचेवर बाष्प धरू नये म्हणून पंखा सुरू केला. पहिल्याच मोठ्या वळणावर तो तांबडा दिवा लागला; आणि ह्या वेळी लुकलुकला नाही, लागूनच राहिला. पाठोपाठ पिवळा स्टिअरिंगचा दिवा लागला, त्यामागून ब्रेकच्या यंत्रणेचा. मातोश्रींनी पुढे वाकून विचारले, "अरे, हे एवढे दिवे कसले लागले रे?" चिरंजीव म्हणाले, "काही नाही आजी, गाडीला संध्याकाळ झाली." मातोश्रींनी सवयीने हात जोडले.

ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांनी ह्या दिव्यांची भाषा थोडीतरी शिकून ठेवावी, असे आमचे तेव्हापासून मत झाले आहे. हिरवा आणि निळा दिवा केवळ वर्दी देतो. पिवळा सावध करतो. तांबडा हुकूम करतो. परंतु सर्व तांबडे हुकूम सारखे नसतात. तेलाच्या झारीची आकृती उजळली तर इंजिनातील तेलाचा दाब गेला असे समजावे, आणि गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. तेथे क्षणाचा विलंब म्हणजे इंजिनाचा घात. पाण्याच्या उष्णतेचा तांबडा दिवाही थांबावयास लावतो. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा स्थिर असेल तर दोन-चार दिवसांत दाखविले तरी बहुधा चालते. मात्र तोच उघडझाप करू लागला तर एखादे सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातील शुद्धियंत्राची राख करीत आहे असे जाणून वेग उतरवावा. बॅटरीचा दिवा ह्या सर्वांहून निराळा. तो 'थांब' म्हणत नाही. तो 'तुझी शिल्लक संपत चालली आहे' असे सांगतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्यापूर्वी क्षणभर थांबले तर सारे दिवे एकदम लागतात आणि मग बहुतेक आपोआप मालवतात. तेलाचा व बॅटरीचा दिवा इंजिन चालू होईपर्यंत राहतो. ही गाडीने घेतलेली दिव्यांची हजेरी होय. जो दिवा ह्या हजेरीस गैरहजर, त्याची चिंता अधिक करावी, कारण तो खऱ्या संकटातही मुकाच राहील. जुन्या मोटारींत दिव्याऐवजी विद्युत्प्रवाह मोजणारा काटा असे. बॅटरीत भर किती पडते आहे आणि खर्च किती होतो आहे, हे तो डोळ्यांना दाखवी. काटा जाऊन दिवा आला तेव्हा चालकाचे शिक्षण एका पायरीने खाली आले असे आम्हांस वाटते. पण हे वय झालेल्या माणसाचे मत म्हणून सोडून द्यावे.

बॅटरीचा दिवा लागला म्हणजे प्रथम पट्टा पाहावा. इंजिनाच्या फिरत्या चाकावरून एक रबरी पट्टा अल्टरनेटरला फिरवितो आणि अल्टरनेटर वीज उत्पन्न करतो. कित्येक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असता नुसती वीज जात नाही, थोड्याच वेळात इंजिनही उकळते. रस्ता रुंद होता अशा एका ठिकाणी चिरंजिवांनी गाडी कडेला घेतली, इशाऱ्याचे दिवे लावले, आणि इंजिन बंद न करता, पट्ट्यापासून हात दूर ठेवून, बोनेट उघडून विजेरीने पाहिले. पट्टा शाबूत होता. उष्णतेचा काटाही जागेवर होता. इंजिन बंद करण्याचे धाडस आम्ही केले नाही, कारण ते पुन्हा सुरू होईलच ह्याची शाश्वती उरली नव्हती. आणि त्या वळणावर दूरध्वनीलाही संपर्क मिळेना.

मग गाडीत बसून पितापुत्रांनी हिशेब मांडला. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. पुढचे दोन दिवे ५५ वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर. मागचे दिवे, वायपर, इंजिनाची ठिणगी आणि पेट्रोलचा पंप धरून सारा खर्च पंचवीसच्या घरात. बॅटरी निम्मी भरलेली आहे असे धरले तर भरती मुळीच नसताना तासाभराच्या आतच कारभार आटोपणार. चिपळूणही पावसातून तासाभराच्याच वाटेवर. आणि भीती नुसत्या अंधाराची नव्हती. हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंग हलके करण्याचे काम विजेची मोटार करते. दाब उतरला की ती मदत काढून घेतली जाते आणि चाक एकाएकी जड होते. सपाटीवर ते सहन होते. कुंभार्लीच्या वळणावर, समोरून लाकडे भरलेला ट्रक चढत असताना, त्याचा विचारही नको वाटतो.

चिरंजिवांनी ठरविले की खर्च तोडावयाचा. संगीत केव्हाच बंद झाले होते. आता पंखा बंद केला. आणि काय आश्चर्य, पंखा बंद होताच तांबडा दिवा मंद झाला आणि वायपर एक घर खाली आणल्यावर मालवला! स्टिअरिंगचा पिवळा दिवा तसाच राहिला, तरी चाक हलके होते. आम्हांस हायसे वाटले. पण चिरंजीव विचारात पडले. "अल्टरनेटर मेला असता तर पंखा बंद केल्याने दिवा जायला नको होता, बाबा," ते म्हणाले. ह्या बोलण्याचे महत्त्व आम्हांस तेव्हा कळले नाही.

पंखा नसल्यामुळे काच आतून धुरकटू लागली. आमच्या कुटुंबाने मातोश्रींच्या पिशवीतील जुन्या धोतराचे फडके काढले, आणि पुढच्या बाकावर बसून चिपळूणपर्यंत काच पुसण्याचे काम केले. घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, पंधरा-वीसच्या वेगाने उतरलो. प्रत्येक मोठ्या वळणावर ब्रेक लागला की मागचे दिवे अधिक वीज ओढीत, आणि तो तांबडा ठिपका क्षणभर डोळा उघडून मिटे. खाली पोफळीचे दिवे दिसू लागले तेव्हा एक विचित्र विचार मनात आला. ह्याच डोंगराच्या पोटात, भुयारांत, कोयनेची वीजगृहे आहेत. पूर्वेकडे कृष्णेस मिळावयास निघालेले पाणी येथे बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडून कोकणच्या बाजूस पाडले आहे, आणि सर्व टप्पे धरून त्या प्रकल्पाची शक्ती १,९६० मेगावॅट आहे. त्या अफाट सामर्थ्याच्या माथ्यावरून आम्ही चौघे जण बारा व्होल्टांची चिंता करीत उतरत होतो.

शिरगाव, अलोरे मागे पडले. साडेसातच्या सुमारास चिपळूण आले. एका पेट्रोलपंपावरील मुलाने 'वायरिंगचं काम करणारे मिस्त्री' म्हणून एक पत्र्याची शेड दाखविली. मिस्त्री पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकविलेला. दुकान बंद करण्याच्या तयारीत होते. मागे वाकून त्यांनी मातोश्रींना पाहिले, आणि कुलूप पुन्हा खुंटीला लावले.

त्यांनी बोनेट उघडण्यापूर्वी जे केले ते आम्ही विसरणार नाही. त्यांनी प्रश्न विचारले. "काका, सकाळी सुरू होताना ओढते का? जड जाते? दिवा पावसातच लागतो, का कोरड्यातही? पंखा बंद केल्यावर गेला का?" शेवटच्या प्रश्नाला चिरंजिवांनी 'हो' म्हणताच मिस्त्रींनी मान हलविली. आम्ही नवी बॅटरी आणि नवा अल्टरनेटर ह्यांची हकीकत सांगितली. ते एवढेच म्हणाले, "दोन्ही चांगले असतील. बघू या."

नंतर त्यांनी इंजिन चालू ठेवून, मोठे दिवे, वायपर आणि पंखा सर्व सुरू करावयास लावले. आजाऱ्याला विश्रांती देऊन नव्हे, चालवून तपासावयाचे होते, आणि आमच्या मते सारे इंगित येथेच आहे. त्यांनी एक साधे मीटर काढले. कोणत्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते तसे. बॅटरीच्या दोन टोकांवर तारा ठेवल्या. काटा नव्हे, आकडे: १२.१. इंजिन चालू असताना तेथे चौदाच्या आसपास हवे. पुण्याच्या कारखान्यानेही हाच आकडा पाहिला असावा. मिस्त्री तेथे थांबले नाहीत. त्यांनी एक तार अल्टरनेटरच्या जाड बोल्टावर आणि दुसरी त्याच्याच अंगावर टेकविली: १४.३. अल्टरनेटर आपले काम चोख करीत होता. मग मधले दोन व्होल्ट आणि वर काही, जातात कोठे?

"वीज जाते तशी परतही यावी लागते, काका," मिस्त्री म्हणाले. घरात दोन तारा असतात; मोटारीत एकच तार जाते आणि परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे लोखंडी अंग. इंजिन मात्र रबरी बैठकांवर बसविलेले असते, त्यामुळे अंगापासून ते विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. म्हणून एक विणलेली तांब्याची पट्टी इंजिनाला अंगाशी जोडते. कारागीर तिला अर्थ म्हणतात. आता मिस्त्रींनी मीटरची एक तार अल्टरनेटरच्या बोल्टावर आणि दुसरी बॅटरीच्या धन टोकावर ठेवली: ०.१. जाण्याचा मार्ग निर्वेध. मग एक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर: २.१. हिशेब पुरा झाला. चौदा पॉइंट तीनमधून एक दशांश आणि दोन पॉइंट एक वजा केले की बरोबर बारा पॉइंट एक उरतात. निरोगी गाडीत हा शेवटचा आकडा दोन दशांशांच्या आत असावा.

तरीही त्यांनी पाना हाती घेतला नाही. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावण्यास वापरतात तसली जाड केबल त्यांनी घेतली, तिचा एक चिमटा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरा बॅटरीच्या ऋण टोकाला लावला. तांबडा दिवा मालवला. पंखा, मोठे दिवे, वायपर सर्व चालू असताना मीटरवर १४.१ उमटले. इंजिन बंद करून पुन्हा किल्ली फिरविली, तर ते पहिल्याच फेरीस सुरू झाले. सहा महिन्यांत आम्ही त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. जड सुरू होणे आणि दिवा लागणे ही दोन दुखणी नव्हती. स्टार्टरची वीजही त्याच वाटेने परत जात होती. खर्च थोडा असला की ती गंजलेली वाट पुरे पडे. दिवे-पंखा लागला की तुंबे. म्हणून कारखान्याच्या आवारात, भर दुपारी, आमची गाडी धडधाकट ठरत होती.

ती पट्टी काढून त्यांनी आमच्या हातावर ठेवली. बाहेरून काळसर, वाकविली तर आतून हिरवी. निम्म्या तारा तुटलेल्या. मिस्त्रींनी ती उलटसुलट पाहिली, मग काही न बोलता चालकाच्या बाजूचा सुरक्षापट्टा अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. जो भाग एरवी गुंडाळीच्या आत राहतो, त्यावर तपकिरी रेघ होती. त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला. त्याखालच्या कोपऱ्यात बोटाला मैद्यासारखी बारीक माती लागली. "ही गाडी पाण्यात उभी होती, काका."

चिपळूणच्या माणसाने हे सांगावे ह्यात नवल नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचा पूर बाजारपेठेत शिरला तेव्हा मिस्त्रींची शेडही पाण्याखाली होती. नंतर कित्येक महिने त्यांनी पुरातल्याच गाड्या उघडल्या. पाणी ओसरले, गाडी वाळविली, धुऊन पुसून सुगंध मारला की ती नवी दिसते, असे ते म्हणाले. परंतु जोडांच्या आत राहिलेला ओलावा आपले काम सोडीत नाही. तांबे हिरवे होते, लोखंड तांबूस होते, आणि वर्षा-दोन वर्षांनी एकेक दिवा उजळू लागतो. आज बॅटरीचा, उद्या ब्रेकचा, परवा हवेच्या पिशवीचा. आमची गाडी कोणत्या पाण्यात बुडाली होती हे सांगण्यास ती माती काही बोलत नव्हती. सीटखालचा पिवळा जोडही उघडून पाहावा असे आम्ही सुचविले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. तो हवेच्या पिशवीचा जोड. बॅटरी सोडून, ठराविक वेळ थांबून, ते काम जाणणाऱ्यानेच करावे, रात्री घाईत करू नये असे त्यांचे म्हणणे.

नवी जाड तार कापून, दोन्ही टोकांस थिंबल दाबून, इंजिनाची आणि अंगाची बसण्याची जागा पॉलिश पेपरने लोखंड चकाकेपर्यंत घासून, वर ग्रीसचा हात फिरवून त्यांनी काम संपविले. तासभर लागला. पैसे विचारले तर साडेतीनशे रुपये. आम्ही अधिक देऊ लागलो, तेव्हा ते मागच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "आजी, गुहागरास पोचल्यावर एक फोन करा म्हणजे झालं."

गुहागरास पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मामा पडवीत खुर्ची टाकून जागे बसले होते. मातोश्रींनी उंबऱ्यातच विचारले, "जेवलास का रे?" आणि एक्याऐंशी वर्षांचा तो गृहस्थ म्हणाला, "नाही, तुझी वाट पाहत होतो." दुसऱ्या दिवशी निरांजने लागली, ओवाळणी झाली, वाडीतल्या माडांवर पाऊस कोसळत राहिला. त्या दिवसाचे वर्णन हा ह्या लेखाचा विषय नाही.

पुण्यास परतल्यावर आम्ही विकणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी आश्चर्य व्यक्त केले, पाण्याचा आपल्याला पत्ताच नव्हता असे सांगितले, आणि आम्हांस चहा पाजला. विकत घेण्याआधी आपणच विम्याच्या दाव्यांची चौकशी करावयास हवी होती, सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावयास हवा होता. हे आम्हांस आता कळते. आप्तांपैकी एका जाणत्यांचा सल्ला निराळा पडला. गाडी आता ठणठणीत चालते आहे, दिवा नाही, आवाज नाही. दसऱ्याच्या आधी काढून टाका, घेणारा दिसेल तेच पाहील. घरात ह्यावर चार दिवस चर्चा झाली. मागची शाळेची फी, पुढचा टायरांचा खर्च, सारेच त्या चर्चेत आले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एक तरुण जोडपे गाडी पाहावयास आले. बाईंच्या कडेवर मूल होते. त्यांना रंग आवडला, आवाज आवडला, किंमतही मान्य होण्याच्या बेतात होती. तेव्हा चिरंजीव पुढे झाले, दार उघडून त्यांनी सुरक्षापट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला, आणि ती तपकिरी रेघ त्यांच्यापुढे धरली. चिपळूणची ती हिरवी पट्टीही घरातून आणून दाखविली. त्या गृहस्थांनी ती बराच वेळ हातात घेऊन पाहिली, आमचे आभार मानले, आणि ते निघून गेले.

गाडी अजून दारातच आहे. सकाळी किल्ली फिरविताना चिरंजीव क्षणभर थांबून दिव्यांची हजेरी घेतात, आणि मातोश्री ओसरीवरून विचारतात, "सगळे आले का रे?"